हरलेल्या पिढीने मुलांना काय सांगितले?

व्हॉट्सॲपवर एक संदेश गेली काही वर्षे सतत फिरतो आहे. वाईट दिवसांतून खंबीर माणसे तयार होतात, ती चांगले दिवस आणतात, त्या चांगल्या दिवसांत दुबळी माणसे निपजतात आणि पुन्हा वाईट दिवस येतात, असा त्याचा साधारण आशय असतो. मुस्लिमांच्या ग्रुपमध्ये तो अनेकदा इब्ने खल्दूनच्या नावाने येतो. ते शब्द इब्ने खल्दूनचे नाहीत. त्यांनी जे लिहिले ते याहून फार खोल आहे आणि आपल्याला जास्त अडचणीत टाकणारे आहे.

या संदेशात एक छुपी सोय आहे. चाक आपोआप फिरणार असेल तर आपल्याला काही करायचे उरत नाही. आज वाईट दिवस आहेत, उद्या चांगले येतील, तोपर्यंत सब्र करा! इतिहास मात्र असे सांगत नाही. अनेक राष्ट्रे आणि अनेक कौमा संकटात पडल्या. काही सावरल्या, तर काही तेच संकट पिढ्यान्‌पिढ्या भोगत राहिल्या. हा फरक कशामुळे पडला? माझ्या मते त्याचे उत्तर मोठ्या प्रमाणात एका गोष्टीत सापडते : संकटात अपयशी ठरलेल्या पिढीने आपल्या मुलांना काय सांगितले?

इब्ने खल्दून काय म्हणाले होते

इब्ने खल्दून यांचा जन्म १३३२ साली ट्युनिस येथे झाला. ते सोळा-सतरा वर्षांचे असताना प्लेगच्या महाभयंकर साथीत त्यांचे आई-वडील गेले. पुढे राजदरबार, तुरुंगवास, पळापळ असे सर्व काही पाहून झाल्यावर आजच्या अल्जेरियातील एका आडबाजूच्या किल्ल्यात त्यांनी मुक्काम केला आणि १३७७ साली 'मुकद्दिमा' हा ग्रंथ लिहून काढला. म्हणजे राज्ये कशी बुडतात, हे त्यांनी घरात बसून लिहिलेले नाही. बुडताना पाहून लिहिले आहे.

त्यांच्या मते राजसत्तेचे आयुष्य साधारणपणे तीन पिढ्यांचे असते. एक पिढी चाळीस वर्षांची धरली तर एकशेवीस वर्षे. सत्ता ज्या गुणामुळे मिळते त्याला ते 'असबिया' म्हणतात. मराठीत त्याला एकमेकांसाठी मरायला तयार करणारा एकोपा म्हणता येईल. घराण्याच्या प्रतिष्ठेबद्दल लिहिताना ते चार माणसे दाखवतात. पहिला प्रतिष्ठा कमावतो, त्यामुळे तिची किंमत त्याला ठाऊक असते. दुसरा त्याचा मुलगा. त्याने बापाला कष्ट करताना पाहिलेले असते, त्याच्याकडून ऐकलेले असते. तिसरा फक्त अनुकरण करतो. चौथ्याला वाटते की ही प्रतिष्ठा आपल्याला जन्मानेच मिळाली आहे आणि तो ती घालवून बसतो. म्हणजे चाक फिरते ते एका पिढीकडून दुसरीकडे काय पोहोचले आणि काय पोहोचले नाही, यामुळे.

पिढीची चाळीस वर्षे त्यांनी कोठून घेतली, हेही पाहण्यासारखे आहे. त्यांनी आधार घेतला आहे तो कुरआनच्या सूरह अल्‌-माइदामधील आयत क्र. २६ चा. फिरऔनच्या गुलामीतून सुटका झालेल्या बनी इस्राईलना पवित्र भूमीत प्रवेश करण्यास सांगण्यात आले. ते घाबरले आणि त्यांनी नकार दिला. म्हणून चाळीस वर्षे ती भूमी त्यांना वर्ज्य करण्यात आली आणि ते रानोमाळ भटकत राहिले. इब्ने खल्दून यावर म्हणतात की, या चाळीस वर्षांत गुलामीची सवय जडलेली पिढी संपली आणि जिने गुलामी पाहिलीच नव्हती अशी नवी पिढी उभी राहिली.

संकटात नापास झालेल्या कौमेचे हे जुने उदाहरण आहे. शत्रू बुडाला होता, रस्ता मोकळा होता, तरी पाऊल पुढे पडले नाही. मात्र ती चाळीस वर्षे नुसती वाट पाहण्यात गेली नाहीत. नवी पिढी नबींच्या सान्निध्यात आणि शिकवणुकीत वाढली. चाळीस वर्षांत माणसे आपोआप म्हातारी होतात, शहाणी आपोआप होत नाहीत.

अमेरिकेतील चक्र

आपल्या काळात हाच विचार विल्यम स्ट्राउस आणि नील हाऊ या दोन अमेरिकी लेखकांनी वेगळ्या पद्धतीने मांडला. १९९७ साली त्यांचे 'द फोर्थ टर्निंग' हे पुस्तक आले. एका दीर्घ मानवी आयुष्याएवढ्या, म्हणजे साधारण ८० ते १०० वर्षांच्या काळात समाज चार ऋतूंमधून जातो : उभारणी, जागृती, विस्कळीतपणा आणि संकट. अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध, नंतर यादवी युद्ध, नंतर महामंदी व दुसरे महायुद्ध, अशी संकटे सुमारे ऐंशी वर्षांच्या अंतराने आली, हा त्यांचा मुख्य पुरावा. मागचे संकट ज्यांनी पाहिले ते मरून जातात तेव्हा पुढचे संकट दारात येते, हे त्यामागचे तर्कशास्त्र आहे.

या सिद्धांतावर आक्षेप बरेच आहेत. सोयीच्या तारखा निवडल्या तर कोणतेही चक्र सिद्ध करता येते. शिवाय 'संकट अटळच आहे' असे एकदा मानले की ते लवकर यावे म्हणून आग लावणारेही पुढे येतात. डोनाल्ड ट्रम्प यांचे एकेकाळचे रणनीतिकार स्टीव्ह बॅनन हे या पुस्तकाचे चाहते आहेत, यावरून काय ते समजावे. पण या लेखकांच्या मांडणीत एक प्रामाणिक कबुली आहे आणि माझ्या विषयासाठी तीच महत्त्वाची आहे. अमेरिकेचे यादवी युद्ध त्यांच्या साच्यात बसत नाही, हे ते स्वतःच सांगतात. ते संकट वेळेआधी आले, फार रक्त सांडून गेले आणि त्यातून समाजाची नवी उभारणी करणारी वीरांची पिढी निर्माण झालीच नाही. म्हणजे संकट आले, संपले आणि तरी प्रश्न सुटला नाही.

जिंकलेले युद्ध, हरलेली शांतता

१८६१ ते १८६५ या चार वर्षांत सुमारे सहा लाखांहून अधिक सैनिक मेले. गुलामी रद्द झाली. काळ्या लोकांना नागरिकत्व मिळाले, १८७० साली पुरुषांना मताचा हक्क मिळाला. त्याच वर्षी मिसिसिपी राज्यातून हायरम रेव्हल्स हे पहिले काळे सिनेटर वॉशिंग्टनला पोहोचले. जगभर आशा निर्माण झाली. आपल्या पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली तेव्हा ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली. हजारो मैलांवरच्या लढाईत फुल्यांना येथील शूद्रातिशूद्रांच्या सुटकेची वाट दिसली होती.

त्यानंतर अवघ्या चार वर्षांत, १८७७ साली, अमेरिकेने हे काम अर्धवट सोडून दिले. राष्ट्राध्यक्षपदाच्या वादग्रस्त निवडणुकीत तडजोड झाली, काळ्या नागरिकांच्या रक्षणासाठी दक्षिणेत असलेल्या केंद्रीय सैन्याचा पाठिंबा काढून घेण्यात आला आणि सत्ता पुन्हा जुन्या मालकांच्या हाती गेली.

पराभूत दक्षिणेने मुलांना काय सांगितले? आपण गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलो आणि हरलो, असे सांगितले नाही. आपण राज्याच्या हक्कांसाठी आणि इभ्रतीसाठी लढलो, आपला लढा पवित्र होता, संख्याबळापुढे तो हरला, असे सांगितले. या कथेला 'लॉस्ट कॉज' म्हणतात. १८९४ साली हरलेल्या सैनिकांच्या लेकी-नातींची संघटना स्थापन झाली. तिने चौकाचौकांत पुतळे उभारले आणि शाळेच्या पुस्तकांवर पहारा बसवला. कोणते पुस्तक मुलांनी वाचावे आणि कोणते वाचू नये, हे त्या ठरवू लागल्या. नातवंडांच्या मनात आजोबा निर्दोष झाले. आणि आजोबा निर्दोष ठरले की त्यांनी केलेला अन्याय चालू ठेवायला नातवाला लाज वाटत नाही. काळ्यांचा मताधिकार कागदावर राहिला. मिसिसिपीचे दुसरे काळे सिनेटर ब्लांच ब्रूस १८८१ साली पायउतार झाले. त्यानंतर पुढचा काळा सिनेटर शपथ घेईपर्यंत १९६७ साल उजाडले. १८६५ साली जिंकलेले युद्ध खऱ्या अर्थाने पदरात पडायला १९६५ सालचा मतदान हक्क कायदा यावा लागला. पूर्ण शंभर वर्षे!

जर्मनी : एकदा खोटे, एकदा खरे

जर्मनीचे उदाहरण जास्त बोलके आहे, कारण त्या देशाने तीस वर्षांच्या आत दोन पराभव पाहिले आणि दोन वेळा मुलांना दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या.

१९१८ च्या सप्टेंबरअखेर जर्मन सेनापती लुडेनडॉर्फ यांनी स्वतःच सरकारला कळवले की युद्धबंदी ताबडतोब हवी. पण नोव्हेंबरमध्ये कागदावर सही करायला पुढे केले गेले ते मुलकी नेते माथियास एर्झबर्गर यांना. पुढच्याच वर्षी फील्ड मार्शल हिंडेनबर्ग यांनी संसदेच्या चौकशी समितीसमोर सांगितले की सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला गेला. म्हणजे सैन्य हरलेच नाही, घरातल्या गद्दारांनी हरवले. गद्दार कोण? समाजवादी आणि ज्यू. १९२१ साली एर्झबर्गर यांचा खून झाला. या खोट्या कथेवर एक पिढी वाढली आणि १९३३ साली तिने काय केले ते जगाला ठाऊक आहे. हिटलरला चॅन्सलरपदी नेमणारे राष्ट्राध्यक्ष तेच हिंडेनबर्ग होते.

१९४५ चा पराभव याहून भयंकर होता. शहरे राख झाली होती, देशाचे तुकडे झाले होते, सहा लाख नव्हे तर साठ लाख ज्यूंच्या हत्येचा कलंक माथी होता. तरीही हा देश सावरला. कोणी म्हणेल की अमेरिकेने मार्शल योजनेतून पैसा ओतला म्हणून सावरला. पैशाचे महत्त्व नाकारता येत नाही. पण १९२४ नंतरही अमेरिकेची मोठमोठी कर्जे जर्मनीला मिळाली होती. पैसा दोन्ही वेळा आला. दुसऱ्या वेळी त्यासोबत हिशोबही आला.

तो लगेच आला नाही. न्यूरेंबर्गचे खटले जेत्यांनी चालवले, जर्मनांनी नव्हे. १९५० च्या दशकात घराघरांत शांतता होती. नाझींच्या वांशिक कायद्यांवर भाष्य लिहिणारा हान्स ग्लोबके चॅन्सलरच्या कार्यालयाचा प्रमुख म्हणून काम करत होता. ही शांतता मोडली ती फ्रिट्झ बाउअर या सरकारी वकिलाने. स्वतः ज्यू असलेले बाउअर १९३३ साली छळछावणीत राहून आले होते, नंतर परागंदा झाले आणि युद्धानंतर परतले. त्यांच्या प्रयत्नाने १९६३ साली फ्रँकफर्टमध्ये आउश्वित्झ छावणीच्या अधिकाऱ्यांवर खटला उभा राहिला. जर्मन न्यायालय, जर्मन कायदा आणि आरोपीच्या पिंजऱ्यात शेजारीपाजारी वाटावीत अशी माणसे. वृत्तपत्रांतून रोज साक्षी छापून येऊ लागल्या आणि तरुण मुलांनी घरी विचारले, "अब्बा, तुम्ही तेव्हा कोठे होतात?" (ते अर्थातच 'अब्बा' म्हणत नसतील, पण प्रश्न सर्व भाषांत तोच असतो.)

१९७० साली चॅन्सलर विली ब्रांट वॉर्सा येथील ज्यूंच्या स्मारकासमोर गुडघ्यांवर बसले. ते स्वतः नाझींविरुद्ध लढलेले होते, त्यांना माफी मागण्याचे वैयक्तिक कारण नव्हते. १९८५ साली राष्ट्राध्यक्ष वाइझसेकर यांनी सांगितले की ८ मे १९४५ हा आपल्या मुक्तीचा दिवस होता. त्यांचे वडील न्यूरेंबर्ग येथे दोषी ठरले होते आणि तरुण वाइझसेकर यांनी त्या खटल्यात वडिलांच्या बचावाचे काम केले होते. बापाचा बचाव केलेल्या मुलाने देशाला बापाच्या पिढीचे सत्य सांगितले. ही साधी गोष्ट नव्हे.

आज गाझाच्या बाबतीत जर्मनीची भूमिका पाहून अनेक वाचक विचारतील की, हीच का त्यांची शिकवण? प्रश्न योग्य आहे. एका अन्यायाची आठवण सरकारी विधी बनली की दुसरा अन्याय दिसेनासा होऊ शकतो. म्हणजे हिशोब एकदा मांडून भागत नाही, प्रत्येक पिढीला तो पुन्हा मांडावा लागतो.

मराठवाड्याचे मौन

आता घराजवळ येऊ या. खोटे सांगणे हा एक मार्ग झाला. काहीच न सांगणे हा दुसरा. मराठवाड्याने दुसरा मार्ग धरला.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. त्या आधी कासिम रझवीच्या रझाकारांनी खेड्यापाड्यांत जे केले ते मराठवाड्यातील हिंदू घरे विसरलेली नाहीत आणि त्यांनी ते विसरावे, असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. त्यानंतर जे झाले ते मुस्लिम घरे विसरलेली नाहीत. पंतप्रधान नेहरूंच्या सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांच्या समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थानात फिरून पाहणी केली. पोलीस ॲक्शनदरम्यान आणि नंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही नावे होती. तो अहवाल सरकारने त्या वेळी प्रसिद्ध केला नाही. अभ्यासकांच्या हाती तो लागेपर्यंत दोन पिढ्या उलटल्या.

मुस्लिम घरांत वडीलधारी मंडळी 'पुलिस ॲक्शन' एवढे दोनच शब्द उच्चारत आणि गप्प होत. त्या मौनाला मी नावे ठेवणार नाही. ज्या गावात बाप मारला गेला त्याच गावात राहून मुले वाढवायची होती, त्याच बाजारात पोट भरायचे होते. गप्प राहणे ही त्यांची मुलांवरची माया होती. त्यातून शेजार टिकला, हेही खरे आहे.

पण मौनाची किंमत तिसऱ्या पिढीने मोजली. तिला भीती वारशात मिळाली, भीतीचे कारण मात्र मिळाले नाही. आणि आपल्या वडीलधाऱ्यांच्या चुकांचा हिशोबही मिळाला नाही. हा हिशोब कडू आहे. सरकारी नोकऱ्या, जागिरी आणि उर्दूचा दरबारी मान हे सर्व आपल्याला जन्मानेच मिळाले आहे, असे समजणारा इब्ने खल्दूनचा चौथा माणूस १९४८ सालच्या हैदराबादेत ठिकठिकाणी होता. लातूरच्या एका वकिलामागे तरुण पोरे धावली तेव्हा त्यांना रोखणारे फार थोडे होते.

थोडे होते, पण होते. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध आणि भारतातील विलीनीकरणाच्या बाजूने लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. मुस्लिम पत्रकाराने मुस्लिम सत्तेच्या नावाखाली चाललेल्या जुलमाविरुद्ध जीव दिला. आपल्या किती मुलांना हे नाव माहीत आहे? आणि सुंदरलाल समितीने हेही नोंदवले होते की, अनेक ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुस्लिम विणकर भावांचा स्वतः नुकसान सोसून बचाव केला. हे किती हिंदू मुलांना माहीत आहे? दोन्ही समाजांनी आपापली अर्धी गोष्ट मनात जपली. उरलेल्या अर्ध्या गोष्टीची जागा दरवर्षी १७ सप्टेंबर जवळ आला की भाषणे करणारे भरून काढतात.

सावरण्याची सुरुवात हिशोबाने

याउलट १८५७ नंतरचे उदाहरण पाहा. दिल्ली उद्ध्वस्त झाली, सर सय्यद अहमद खान यांच्या कुटुंबाचीही वाताहत झाली. त्यांनी सर्वांत आधी काय केले? उठावाची कारणे लिहिली. इंग्रज सरकारच्या चुका इंग्रजांचे राज्य असताना नाव घेऊन सांगितल्या. नंतर आपल्या समाजाला त्याचे दोष सांगितले, त्याबद्दल शिव्या खाल्ल्या आणि १८७५ साली अलीगडचे कॉलेज उभे राहिले. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली होती. मराठवाड्यातही १९६३ साली डॉ. रफीक झकेरिया यांच्या पुढाकाराने औरंगाबादेत मौलाना आझाद कॉलेज निघाले. म्हणजे संस्था उभारण्याचे काम आपण थोडेफार केले. सर सय्यद यांच्याकडे जो हिशोब आधी झाला, तो आपल्याकडे व्हायचा राहिला आहे.

"खपली कशाला काढता?" असे काही जण विचारतील. माझे उत्तर असे की, खपली रोजच निघते आहे, काढणारे हात दुसऱ्यांचे आहेत. आपल्या आजोबांची गोष्ट आपण सांगितली नाही तर ती निवडणुकीच्या सभेत सांगितली जाईल.

वेळ थोडा उरला आहे. १९४८ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा २०२८ साली नव्वदीचा असेल. पाहिलेली पिढी जवळजवळ संपली. ऐकलेली पिढीही आता म्हातारी झाली. यानंतर उरेल ती फक्त अनुकरण करणारी आणि त्यानंतरची काहीच ठाऊक नसलेली पिढी. म्हणून मराठवाड्यातील प्रत्येक घरातील शिकलेल्या मुला-मुलींनी आपल्या दादी-नानीसमोर मोबाईल ठेवून त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. शेजारच्या हिंदू आजी-आजोबांकडेही जावे आणि रझाकारांच्या काळात त्यांच्यावर काय गुजरले ते तितक्याच अदबीने ऐकावे. दोन्ही गोष्टी मराठीत, एकाच पुस्तकात, शेजारी-शेजारी छापाव्यात. शोएबुल्ला खान यांचे नाव आपल्या शाळांमधून घेतले जावे. यासाठी ना सरकार लागते, ना मोठा निधी.

अल्लाहकडे दुआ करतो की, ऐ अल्लाह! आमच्या मुलांना खरे सांगण्याची हिंमत आम्हाला दे, ते ऐकून घेण्याचे मोठे मन आमच्या मुलांना दे आणि या देशातील सर्व शेजाऱ्यांना एकमेकांचे दुःख समजून घेण्याची सद्बुद्धी दे. आमीन!